दहावी पत्रावळ

नवाबमियाँ इनामदारांची कसम मोडली ती वाऱ्यामुळे. ते स्वतः धुराला दोष देत, पण धूर बिचारा वारा नेईल तिकडे जातो.

पौषातली सकाळ होती. महाळुंगे पडवळला कुंडलिकच्या शेतात आगटी पेटली होती आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसलेली होती. आगटीच्या एका अंगाला नवाबमियाँ बसले होते. त्यांच्या डाव्या हाताला त्यांच्या घरची जैबुन्निसा, आणि उजवीकडे चांगलं दोन हात अंतर सोडून कुंडलिक. जैबुन्निसा भाजलेलं कणीस तळहातावर चोळायची, फुंकर मारून तूस उडवायची आणि ऊन ऊन हिरवे दाणे मियाँच्या ओंजळीत घालायची. कुंडलिकही कणसं चोळत होता, पण तो आपले दाणे आपल्याच तोंडात टाकत होता. ही मांडणी विचारपूर्वक केलेली होती, आणि तिचं कारण बरोबर एक वर्ष जुनं होतं.

गेल्या पौषात ह्याच आगटीपाशी वाद झाला होता, की ज्वारीच्या एका कणसात दाणे असतात किती. मियाँ म्हणाले, हजाराच्या आत. कुंडलिक म्हणाला, दोन हजाराच्या वर. दोघंही जन्मभर ज्वारी खात आलेले, पण मोजली कुणीच नव्हती. शेवटी जैबुन्निसाला बसवलं. तिनं धोतराचं पान अंथरलं, एक कणीस निगुतीनं चोळलं आणि वीस-वीस दाण्यांच्या ढिगल्या घातल्या. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती म्हणाली, "एकशेपाच इसा, आन वर सोळा."

"दोन हजार एकशे सोळा!" कुंडलिकनं मांडीवर थाप मारली. "आता काय म्हनता इनामदार?"

"कणीस तू निवडून दिलंस!"

"मग तुमी निवडा. पोरीला काय, दुसरंबी मोजंल."

मियाँचा चेहरा लालबुंद झाला. चाळीस वर्षांची दोस्ती, पण हरणं त्यांना कधीच सोसत नसे. उठता उठता ते म्हणाले, "अल्लाची कसम, तुझ्या हातचा एक दाणासुद्धा पुन्हा खाणार नाही!"

दुसऱ्या दिवशी त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. पण कसम ती कसम. ह्या वर्षी हुरड्याचा वास आठवून राहवेना, तेव्हा त्यांनी तोड काढली. शेत कुंडलिकचं असू दे, कणीसही त्याचंच. चोळणारा हात जैबुन्निसाचा असला म्हणजे झालं.

आणि मग वारा फिरला. जैबुन्निसा ताजी कणसं तोडायला उठली होती. तेवढ्यात धूर कुंडलिकच्या अंगावर आला, म्हणून तो खोकत खोकत उठला आणि तिच्या रिकाम्या जागेवर जाऊन टेकला. मियाँच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी डावीकडे हात पसरला, "आण गं."

कुंडलिकच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. आगटीपाशी कुणाचा रिकामा हात दिसला की भरायचा, ही त्याच्या हाताची सवय. त्यानं भरला.

"वा!" मियाँ चावता चावता म्हणाले. "आजचा सगळ्यात गोड दाणा हाच बघ, जैबुन." मग डोळे उघडले, आणि समोर कुंडलिकचं तांब्याचं कडं दिसलं.

जैबुन्निसा कणसांचा भारा घेऊन परतली तेव्हा दोघं एकमेकांकडे बघत होते. कुंडलिक हसू दाबता दाबता लाल झाला होता आणि मियाँच्या तोंडात घास तसाच होता.

"थुकू का?" मियाँनी विचारलं.

"अर्दा तर गिळला की, राव," कुंडलिक म्हणाला.

जुन्नरची वाट बैलगाडीनं अर्ध्या दिवसाची. सबंध वाटेत मियाँच्या डोक्यात कसम होती. जैबुन्निसाच्या डोक्यात यादी होती.

चार दिवसांपूर्वी मियाँच्या लेकीची, कमरजहाँची, लग्नाची यादी तयार झाली होती. कमर पंधरा वर्षांची. तिचं सासर निजामाच्या मुलखात, दौलताबादच्याही पलीकडे, गाडीनं नऊ दिवसांवर. यादी मौलवी महंमद हनीफ यांनी आपल्या सुरेख अक्षरात लिहिली होती. जैबुन्निसाला अक्षर येत नव्हतं, म्हणून कमरनंच तिला वाचून दाखवली: तांब्याची देग एक, पानदान एक, नक्षीची पेटी एक. मग ती अडखळली, आणि पुढची ओळ तिनं हळूच वाचली. "जैबुन्निसा, एक."

त्या घराची चालच तशी होती. मुलगी सासरी गेली की तिच्याबरोबर एक बांदी जायची. जैबुन्निसाची नानी ह्या घरात विकत आलेली, आई इथंच जन्मली आणि इथंच गेली, आणि जैबुन्निसा चोवीस वर्षांची झाली तरी तिला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. मारझोड नव्हती. मियाँ प्रेमानं बोलत, बीबीसाहेब ईदेला नवं लुगडं देत. पण नऊ दिवसांची वाट चालून गेलेली देग काही परत येत नाही, एवढं तिला कळत होतं. तिला जुन्नर सोडायचं नव्हतं. कुकडीच्या काठच्या कागदी मोहल्ल्यात जोहराबी नावाची म्हातारी विधवा कागद घोटायची, म्हणजे वाळलेल्या तावावर गुळगुळीत दगड फिरवून त्याला चकाकी आणायची. घरचा कागद आणायला जैबुन्निसाला तिच्याकडे धाडत, आणि गेल्या तीन वर्षांत बसल्या बसल्या तिनं ते काम पार उचललं होतं. खरबरीत ताव हाताखाली हळूहळू आरशासारखा होताना बघणं तिला फार आवडे. तिला तेच करायचं होतं, आणि तिथंच राहायचं होतं. हे सांगायचं कुणाला, एवढाच प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी मियाँनी मौलवींना बोलावलं. मौलवी महंमद हनीफ किरकोळ अंगाचे, भिडस्त गृहस्थ. गेली सहा वर्षं ते कमरजहाँला कलामपाक, म्हणजे कुराण, शिकवायला येत. ते पडद्याच्या अलीकडे बसत आणि कमर पलीकडे. कमरची वेणी घालत जैबुन्निसाही तिथंच असे. त्यामुळे सहा वर्षांचे धडे दोघींनी ऐकले होते. फरक एवढाच, की कमर बरेचदा डुलक्या घेई.

आज पडद्यामागे जैबुन्निसा एकटीच विडे लावत होती.

"मोडलेल्या कसमेचा कफ्फारा द्यावा लागतो," मौलवी म्हणाले. "म्हणजे चुकीची भरपाई. दहा गरिबांना जेवू घालायचं, आपल्या घरी जेवतो तेच, दोन वेळा, आणि दोन्ही वेळा तीच दहा माणसं. किंवा दहा जणांना कपडे. किंवा एक मान मोकळी करायची, म्हणजे गुलाम आझाद करायचा. ह्यातलं काहीच ज्याला शक्य नाही, त्यानं तीन रोजे."

"रोजे मला झेपायचे नाहीत," मियाँ घाईनं म्हणाले.

"झेपले तरी तुम्हांला चालायचे नाहीत. घरात धान्य आहे ना?"

"मग दहा माणसं जेवू घालू. घरातलीच धरली तर? नोकरचाकर?"

"ज्यांना पोसणं मुळातच तुमच्यावर आहे, ती धरायची नाहीत. बायको, मुलं, स्वतःचा गुलाम. त्यांना तुम्ही एरवीही घालणारच. त्यात भरपाई कसली? बाहेरचा गरीब हवा, मग तो कुठल्या का धर्माचा असेना."

पडद्यामागून आवाज आला, "मौलवीसाहेब, एक इचारू?"

मियाँ हसले. "विचार. कणसं मोजणारी आहे ही, मौलवीसाहेब, जपून उत्तर द्या."

"तुमी कमरबीबीला शिकवताना सांगितलं व्हतं, चुकून कुनाच्या हातनं मानूस मेला, तर गुलाम मोकळा करावा. बायकोला 'तू मला आईवानी' म्हनून टाकलं आन पस्तावा झाला, तरी गुलाम मोकळा करावा. रमजानचा रोजा जानून मोडला, तरी तेच. आन आज कसम मोडली, तरी तेच. चार झाले."

"बरोबर आहे."

"एखादा हकीम दर दुखन्याला तीच बरणी उघडत आसंल, तर त्याच्या मनात ती बरणी रिकामी व्हावी आसंच आसंल की. मानसं काय, चुकतच ऱ्हातात. चुकत जातील तशी बरणी संपंल. मग आल्लाला ती संपायलाच हवी व्हती, आसं न्हाई का?"

मौलवींनी दाढीवरून हात फिरवला. 

"मी हे बत्तीस वर्षं वाचतो आहे," ते शेवटी म्हणाले. "बरणीचा विचार माझ्या मनात आला नव्हता." मग जरा पुढे सरकून, धडा घेताना बसत तसे बसून, ते म्हणाले, "कलामपाकात आणखी एक जागा आहे. तिथं चूक वगैरे काही नाही. माणूस घाट चढायला धजत नाही, असं तिथं म्हटलं आहे. घाट म्हणजे काय, असा सवाल केला आहे. आणि उत्तर दिलं आहे, मान मोकळी करणं, उपासमारीच्या दिवशी अन्न घालणं. बघ, अन्न नंतर आहे. मान आधी."

"वा, वा!" मियाँनी मान डोलावली. चांगलं वचन ऐकलं की त्यांना खरोखर भरून येई. "काय सुंदर सांगितलं आहे. पण ते आता जुन्या काळचं झालं, मौलवीसाहेब. आता गुलाम उरलेत कुठं?"

"उरले न्हाईत?" पडद्यामागून प्रश्न.

"एकही नाही. सरकारनं माझ्या जन्माआधीच बंद केलं ते सगळं."

"बरं," जैबुन्निसा म्हणाली, आणि तिनं विड्याचं तबक पडद्याखालून पुढे सरकवलं.

जुम्मा सोडून शनिवार ठरला. दहा गरीब मौलवींनी स्वतः फिरून निवडले. पाच पुरुष, पाच बायका. पुरुषांत दर्ग्याचे दोन फकीर, एक आंधळा झांजवाला, एक हमाल आणि महाळुंग्याचा म्हातारा राखणदार भिका; तो कुंडलिकच्या गाडीतून येणार होता. बायकांत जोहराबी आणि आणखी चार. जैबुन्निसा पहाटेपासून चुलीपाशी होती. मटणाचा रस्सा, भात, भाकरी आणि गुळाचा शिरा. घरी जेवतात तेच, एक पदार्थ कमी नाही की जास्त नाही. सोप्यात पुरुषांची आणि आतल्या अंगणात बायकांची, अशा पाच-पाच पत्रावळी मांडल्या. मधल्या दारात मौलवी मोजायला उभे राहिले.

कुंडलिकची गाडी आली. त्यातून एकटा कुंडलिक उतरला.

"भिका कुठं आहे?" मियाँनी विचारलं.

"भिका शेतातच हाय. शेतात म्हंजी, शेताच्या कडंला. काल त्यानं हुरडा लई खाल्ला. मी रातच्याला गाडी जुपीस्तवर सात येळा लोटा घेऊन गेला. गाडीत कुठं घालता त्याला?"

"या अल्ला! तुझ्या हुरड्यानं माझं वाटोळं केलं रे!"

"मी बसतो की त्याच्या जागी."

"तुम्ही गरीब आहात का?" मौलवींनी गंभीरपणे विचारलं.

"बायकू तर रोज तसंच म्हनती."

फकीर हसले. आंधळ्या झांजवाल्यानं विचारलं, वास कधीचा येतो आहे, घास कधी येणार? मियाँना घाम फुटला. माणसं बसलेली, अन्न तयार, आणि एक पत्रावळ रिकामी. मोहल्ल्यात माणूस पाठवावा तर शनिवारची सकाळ, सगळे कामावर गेलेले.

जैबुन्निसा रश्श्याची पळी हातात घेऊन मधल्या दारात आली. "मी बसू का?"

"बस, बस!" मियाँना केवढा धीर आला. "बायका सहा झाल्या तर बिघडलं काय. तुझ्यापाशी तरी कुठं काय आहे? तू तर गरिबांहून गरीब. वाढा हो, वाढा!"

पण जैबुन्निसा बसली नाही. "मौलवीसाहेब, मी चालंल का? नायतर जेवन व्हायचं आन कफ्फारा व्हायचा न्हाई. घरची मानसं धरायची न्हाईत म्हनाला व्हता तुमी. मी घरची, का भाईरची?"

मौलवींनी मियाँकडे पाहिलं. मियाँनी मौलवींकडे पाहिलं.

आतून बीबीसाहेब आल्या. त्या अंगानं भरदार आणि बोलायला तिखट. "हा काय तमाशा? ती आपली आहे. तिच्या नानीला माझ्या आजेसासऱ्यांनी पैसे मोजून घेतली होती. आणि ही कमरबरोबर जायची आहे. यादीत नाव आहे तिचं."

"मग मी दहावी न्हाई," जैबुन्निसा शांतपणे म्हणाली. "मी ह्या घरची बांदी आसंन, तर पत्रावळीवर बसून उपेग न्हाई. आन मी पत्रावळीवर चालत आसंन, तर यादीत बसायची न्हाई. एक दाना एकाच ढिगलीत, बीबीसाहेब. दोन्ही ढिगल्यांत मोजला, तर कनीस चुकतं."

सोप्यातल्या हमालानं रिकाम्या पत्रावळीवर ठेवलेला हात मागे घेतला.

"परवा तर तूच ऐकलंस," मियाँ चाचरत म्हणाले, "मी म्हटलं, आता गुलाम..." आणि आपण काय म्हटलं होतं ते आठवून थांबले.

"एकबी उरला न्हाई, म्हनाला व्हता."

"ऐका, ऐका," मियाँना एकदम सुचलं. "सोपं आहे! घरची म्हणून धरा. आणि मी तिला आत्ता ह्या क्षणी आझाद करतो. तोही कफ्फाराच आहे ना? एका मानेत सगळं संपलं! घाटसुद्धा चढून झाला!"

"चांगलं हाय," कुंडलिक खांबाला टेकून म्हणाला. "फकस्त उद्या फौजदारानं इचारलं, की इनामदार, आजवर बाईला गुलाम म्हनून ठेवली व्हती व्हय, तर आमी काय सांगायचं तेवडं ठरवून ठिवा. सरकारी कायदा तुमच्या जन्माच्या आदीचा, हे तुमीच सांगता."

मग सगळ्यांच्या नजरा मौलवींकडे वळल्या. मौलवी ह्याच घरी जेवत, ह्याच घरच्या शिकवणीवर त्यांचं चाले, आणि ती यादी त्यांनीच लिहिली होती. त्यांनी मधल्या दाराची चौकट धरली. जैबुन्निसाला वाटलं, आता ते म्हणतील, नंतर बघू. भिडस्त माणसं तसंच म्हणतात.

"जैबुन," ते म्हणाले, "तुझी नानी ह्या घरात कशी आली, ठाऊक आहे तुला?"

"हाय. सात वर्सांची व्हती. हबसाणात, दर्यापार हबशांच्या मुलखात, आपल्या गावी ओढ्यावर पानी भरायला गेली, तितनंच उचलली. गलबतानं कोकणात आनली आन नाणेघाटानं चालवत वर आनली. घागर तितंच पडली, तिची लई हळहळ व्हती तिला. मरस्तवर सांगायची."

"लढाई नव्हती?"

"सात वर्सांची पोर कुनाशी लढती?"

मौलवींनी चौकट सोडली आणि ते नीट उभे राहिले. "तर मग मियाँसाहेब, तुम्ही हिला आझाद करू शकत नाही. आदमची लेकरं मुळात आझादच. गुलाम झाला तर लढाईत पकडलेला कैदी; पळवून आणलेलं माणूस कितीही हातांनी विकलं, तरी गुलाम होत नाही. जो आझाद माणसाला विकून त्याची किंमत खातो, त्याच्याशी कयामतीच्या दिवशी अल्ला स्वतः भांडायला उभा राहील, हे पैगंबरसाहेबांनी सांगून ठेवलं आहे. सांगा, कुणाचा चोरीला गेलेला बैल तुमच्या गोठ्यात निघाला आणि तुम्ही तो परत केलात, तर त्याला खैरात म्हणतात का? हिची नानी गुलाम नव्हती, आई नव्हती, ही नाही. जे तुमचं कधी नव्हतंच, ते देऊन कफ्फारा व्हायचा नाही." त्यांनी श्वास घेतला. "तेव्हा ही गरीब आहे, बाहेरची आहे, आणि चालते. हीच दहावी."

"अन् यादी?" बीबीसाहेबांचा आवाज चढला.

"यादी मी लिहिली," मौलवी म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले. "माझं अक्षर चांगलं आहे. तेवढंच मी पाहिलं."

मियाँ कट्ट्यावर बसले. त्यांना राग यायला हवा होता, पण येत नव्हता. सवयीनं त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द बाहेर पडण्याआधीच कुंडलिक म्हणाला, "कसम घालू नका, राव. दहा मानसं पुन्यांदा गोळा करायची ताकद आमच्यात न्हाई."

मियाँना हसू फुटलं. मग सोप्यातले सगळेच हसले.

"बस गं," मियाँ म्हणाले. "माझी नानी असती तर तिनं मला थप्पड मारली असती. बस."

"माझी नानी घाट चढून आली," जैबुन्निसा म्हणाली. "आज तुमी चढलात." आणि पळी बीबीसाहेबांच्या हातात देऊन ती अंगणात जोहराबीशेजारी दहावी पत्रावळ मांडून बसली.

बीबीसाहेब पळीकडे बघतच राहिल्या. पण माणसं बसली होती आणि वाढणारं दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी वाढलं. चौथ्या पत्रावळीपाशी त्या म्हणाल्या, "मोकळी तर मोकळी. पण पोट कुठं जाणार आहे? लग्नाच्या गाड्या निघाल्या की येशील मुकाट्यानं कमरबरोबर. दुसरं आहे कोण तुला?"

"माझ्याकडं कागद घोटायचे दगड दोन हाईत," जोहराबी भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आन चालता हात एकच. म्या तीन वर्सं वाट बगती." मग रस्सा भुरकून, "मीठ जरा कमी हाय बरं का, जैबुन. आता तुला सांगायला हरकत न्हाई, तू काय सैपाकीन न्हाईस."

जैबुन्निसा जेवली. स्वतः शिजवलेलं अन्न तिनं पहिल्यांदाच गरम खाल्लं, आणि तिलाही मीठ कमीच वाटलं. हात धुऊन ती मियाँपुढे आली.

"मियाँसाहेब, आजून एक येळ ऱ्हायली. तीच धा मानसं, दोन्ही येळा."

"हो, हो. संध्याकाळी."

"मी येईन. पर यादीत माजी वळ हाय तवर मी सांजच्याला कुटल्या नात्यानं येनार? यादीतली म्हनून आले, तर सकाळचंबी वाया."

मियाँनी मौलवींकडे पाहिलं. मौलवींनी मान डोलावली. ह्या वेळी त्यांना विचार करावा लागला नाही.

यादी कमरजहाँच्या खोलीत होती. ती स्वतःच घेऊन बाहेर आली. पडद्यामागून तिनं सगळं ऐकलं होतं आणि थोडी रडलीही होती. तिनं कागद दिव्याच्या कोनाड्यात ठेवला. तो जोहराबीकडचाच ताव होता, नीट खळ दिलेला आणि घोटलेला. असल्या कागदात काजळीची शाई मुरत नाही, वरच्या वर बसून राहते. कमरनं बोट पाण्यात बुडवलं आणि पेटीच्या खालच्या ओळीवरून फिरवलं. अक्षरं आधी फुगली, मग पसरली, मग बोटावर आली. कागदावर नुसता एक करडा ढग राहिला.

"मी तुला मागितलंच नव्हतं," ती म्हणाली. "मागितलं असतं, तर आधी तुला विचारलं असतं."

"ठावं हाय मला," जैबुन्निसा म्हणाली आणि तिनं कमरचं काळं बोट आपल्या पदरानं पुसलं. "पानदान वापरीत जा. आन रोज येनी घालून घे, नायतर गुता व्हतो तुजा."

दुपारभर जैबुन्निसा कागदी मोहल्ल्यात जोहराबीच्या ओसरीवर बसली. तिनं सात ताव घोटले. चौथा बिघडला, कारण मध्येच तिला हसू आलं आणि दगड घसरला.

मगरिबच्या नमाजानंतर दहा माणसं पुन्हा इनामदारांच्या घरी आली. नऊ आणि एक. भिका नव्हता, पण कुंडलिक गेला नव्हता. निकाल पुरता बघितल्याशिवाय तो महाळुंग्याला परत जाणार नव्हता. जैबुन्निसा जोहराबीबरोबर आली. मागच्या दाराच्या बोळाशी तिचे पाय सवयीनं वळले, तेव्हा म्हातारीनं तिचा दंड धरून तिला पुढच्या दाराकडे ओढलं. त्या दाराचा उंबरा तिनं लहानपणापासून रोज सारवला होता. ओलांडला मात्र आज पहिल्यांदा.

स्वयंपाक बीबीसाहेबांनी स्वतः केला होता. भाकऱ्यांच्या कडा जळल्या होत्या. आंधळा झांजवाला म्हणाला, "सकाळची बाई बदलली वाटतं," आणि त्याला त्याच्या शेजारच्या फकिरानं कोपरानं ढोसलं.

शेवटचा घास संपला तसे मौलवी म्हणाले, "झालं. कफ्फारा पुरा झाला." मियाँनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. कुंडलिकनं कमरेची पिशवी सोडली आणि मूठभर हुरडा काढून त्यांच्यापुढे धरला. मियाँनी आधी त्याच्या कड्याकडे पाहिलं, मग दाणे सरळ त्याच्या हातावरून तोंडात घेतले.

"गार झालाय," ते म्हणाले.

"पुढल्या पौषात गरम देतो. आन बाजरीच्या कनसात दाने किती, सांगा बगू?"

"हजारभर असतील."

"ह्यॅः! तीन हजार!"

"अरे, अल्लाची..." मियाँनी जीभ चावली. मौलवी खाकरले. "बरं, बरं. मोजून बघू. जैबुन मोजील."

"मोजीन की," अंगणातून जैबुन्निसा म्हणाली. "पर आता बलावनं धाडावं लागंल, मियाँसाहेब. मोहल्ल्यात. जोहराबीचं घर म्हनून इचारायचं."

ती उठली, आणि उठता उठता तिचा हात आपोआप पत्रावळीकडे गेला. जोहराबीनं त्यावर चापट मारली. "ऱ्हाऊ दे. पावनी हाईस तू."

जैबुन्निसानं बीबीसाहेबांकडे पाहिलं. बीबीसाहेब पुढे आल्या, आणि वाकून त्यांनी दहावी पत्रावळ उचलली.